काकांच्या डोक्याचा फोटो

धान कापणीला आलं की लोकांना गावोगावच्या मंडईतली नाटकं आठवतात, नव्या तांदळाचा भात आठवतो. मला मेंदू आठवतो. कोंढ्याच्या रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंनी कापलेल्या धानाचे कडपे अंथरलेले असतात, बांधावरची तूर पिवळी झालेली असते, सकाळी बोडीच्या पाण्यावर धुकं बसलेलं असतं, आणि हे सगळं डोळ्यांत साठवून घ्यावं तर मधेच एक राखाडी, आक्रोडासारखा मेंदू उगवतो. त्यावर एक नारिंगी ठिपका. त्या ठिपक्याने माझ्या या ऋतूचं जे वाटोळं केलं, ते अजून भरून आलेलं नाही.

यंदा कापणी सुरू झाली आणि फोनवर निमंत्रण आलं. 'विज्ञानातील खुलेपणा : काळाची गरज.' वक्ते म्हणजे आमचे सर. हात जोडलेले, मान किंचित कललेली, जगाचं सगळं ज्ञान पोटात घेऊनही नम्र राहिलेला फोटो. स्थळ भंडारा. खाली बारीक अक्षरांत सूचना होती की व्याख्यानाचं चित्रीकरण करू नये आणि पडद्यावरच्या चित्रांचे फोटो काढू नयेत. खुलेपणावरचं व्याख्यान! मी एकटीच स्वयंपाकघरात मोठ्याने हसले. सरांवर इतका राग राग करूनही एक गोष्ट मान्य करावी लागते, त्यांना विनोद करायला कष्ट पडत नाहीत.

सर म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी नागपूरच्या एका संस्थेत नोकरी करत होते ते. मेंदूची चित्रं काढणाऱ्या मोठ्या यंत्रावर त्यांचा अभ्यास चाले. माणसाला त्या नळीत झोपवायचं, तो निवांत पडून असताना दर थोड्या सेकंदांनी त्याच्या मेंदूचं चित्र घ्यायचं, आणि मेंदूचा कुठला भाग कुठल्या भागाच्या तालावर चालतो ते बघायचं. कल्पना चांगली आहे, यंत्र तर फारच चांगलं आहे. यंत्राबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती.

त्या वर्षी सरांना विणकर हवे होते. आयुष्यभर हातांनी बारीक काम करणाऱ्यांचा मेंदू कसा असतो, असा विषय. मी पवनीची, घरात हातमाग. माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ वामनकाका कोशाच्या रेशमाची साडी विणायचे, दातेरी करवती काठाची. समोरच्या खोलीत जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून काका बसलेले, रस्त्याकडचं दार उघडं. येणारा-जाणारा उंबऱ्यात थांबे, काठाकडे बघे, चार नावं ठेवी, दोन गोष्टी सांगे, पुढे जाई. काकांना त्याचं काही वाटत नसे. दार लावून विणणारा विणकर आमच्या गल्लीत कोणी पाहिलेला नव्हता. खळ्यावर धान मोजतानाही आमच्याकडे कोणी दार लावून घेत नाही, खळ्याला दारच नसतं.

ते मंडईचे दिवस होते. दिवाळी सरली की गावोगावी मंडई भरते, रात्रभर नाटकं चालतात, पाहुण्यांनी घरं फुगतात. विणकरांचे माग सुस्तावलेले असतात. त्यामुळे नागपूरला फुकट गाडीतून जायचं, यंत्रात झोपायचं आणि जेवून परत यायचं हे मंडईचंच एक अंग आहे अशा थाटात सगळे तयार झाले. काका तर आधी. "मलेबी ने बापा," ते म्हणाले, "या डोस्क्यात का हाये, ते काकूले तं समजंन." जीपमध्ये पुढच्या जागेसाठी भांडणं झाली. उमरेड जाईपर्यंत दोघांनी गाणी म्हटली.

संस्थेत पांढरा कोट घातलेला तंत्रज्ञ प्रत्येकाला विचारायचा, अंगावर लोखंड आहे का, अंगठी आहे का, पोटात कधी ऑपरेशनचं काही बसवलंय का. सगळे इमानदारीने कमरेच्या किल्ल्या, करदोडे, गळ्यातले ताईत काढून ठेवत. मग डोक्यावर पिंजरा, कानात बोळे, आणि सूचना, की धानाच्या दाण्याएवढंही हलू नका. काका बाहेर आले तेव्हा ओठ घट्ट मिटलेले होते. थेट आवारातल्या भिंतीकडे गेले. मला वाटलं भोवळ आली असेल.

तुलनेसाठी संस्थेतलेच तरुण विद्यार्थी घेतले होते. त्या बिचाऱ्यांना नळीत झोपायची सवय झालेली, काही तर खरोखर झोपत. एकीकडे साठीच्या आसपासचे विणकर आणि दुसरीकडे वसतिगृहातली पोरं, आणि फरक सापडला तर तो विणण्यामुळे! धानाच्या आणि चण्याच्या पोत्यांची तुलना करून खताचा गुण सांगावा तसलं हे. पण मोठ्या लोकांना असे प्रश्न विचारत नसतात. विचारणाऱ्याची नोकरी त्याच्या प्रश्नासारखीच अधांतरी होते.

पुढचे काही आठवडे सर संगणकावर बसणाऱ्या सहायकाच्या खुर्चीमागे उभे असत. आधी मेंदूवर काहीच दिसेना. सर म्हणत, "गाळणी जरा सैल कर." मग एक फिकट डाग. "अजून थोडी." मग दोन-तीन लोकांना वगळून पाहिलं, मग वगळलेल्यांपैकी एकाला परत घेतलं, मग एक वेगळीच पद्धत लावली. एक दिवस हाताच्या हालचालीच्या भागाजवळ नारिंगी ठिपका उमटला. सरांच्या चेहऱ्यावर बाप झाल्यासारखा आनंद. "हेच! मी म्हणत होतो ना!" ते म्हणत होते ते आधी कुठे लिहून ठेवलं असतं, तर मीही टाळी वाजवली असती. पण आधी लिहून ठेवणं हा सरांच्या मते अडाणी लोकांचा छंद. बाण मारून झाल्यावर त्याच्याभोवती वर्तुळ काढायचं, आणि नेमबाज म्हणून मिरवायचं, ही त्यांची विद्या होती. तसे ते एकटे नव्हते. अशा नेमबाजांची परिषद भरायची, एकमेकांच्या वर्तुळांचं कौतुक व्हायचं, आणि दुपारी पनीर असायचं.

लेख छापून आला, की विणकरांच्या मेंदूत त्या ठिपक्याचं बाकीच्या भागांशी नातं सैल असतं. त्याच्या शेवटी एक वाक्य होतं, मूळ माहिती 'योग्य विनंती केल्यास उपलब्ध होईल.' मला या वाक्याइतकं निर्लज्ज वाक्य दुसरं माहीत नाही. विनंती योग्य की अयोग्य ते ठरवणार कोण, तर ज्याच्याकडे ती करायची तोच! पाहुण्याला 'जेवूनच जा' म्हणायचं आणि चूल पेटवायचीच नाही, यातलाच प्रकार.

पुढच्या वर्षी बरोबर कापणीच्या दिवसांत ते पेपरात आलं. 'हातमागामुळे मेंदूतील धागे होतात सैल.' खाली 'भंडारा-गोंदिया जिल्ह्यातील विणकर' असा उल्लेख. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन किती काळ लोटला, आणि तिकडचा एकही माणूस जीपमध्ये नव्हता. पण ज्यांना डोक्यांचा हिशोब लागत नाही, त्यांना जिल्ह्यांचा कुठून लागणार. पवनीत आधी हसाहशी झाली. हॉटेलात कोणी चहाचे पैसे द्यायला विसरला, की "विणकर हाये, धागे सैल झाले त्याचे," म्हणायचे. मंडईच्या नाटकात एका नटाने ती ओळ घुसवली आणि शिट्ट्या घेतल्या. काकाही हसले. आणि घरी येऊन आपल्या हाताकडे बघत बसले.

हसणं किती दिवस टिकणार. माणसाला एकदा सांगितलं की तुझ्या डोक्यात काही सैल झालंय, की तो हात उचलतानाही डोक्याला विचारतो. काकांचा धोटा उभ्या धाग्यांत अडखळायला लागला. हात थरथरतो असं त्यांचं म्हणणं. खरंच थरथरत होता की ते त्याच्याकडे फार बघत होते, देव जाणे. त्यांचा मुलगा प्रमोद पुण्यात कंपनीत. त्याने फोनवर फर्मावलं, "बाबा, बंद करा ते. पेपरात आलं ना आता." एका दुपारी मी घरी गेले तर माग सुटा करून वरच्या माळ्यावर चढवलेला. खड्ड्यावर फळ्या टाकलेल्या, आणि रस्त्याकडचं दार लावलेलं. काका मागच्या अंगणात खुर्ची टाकून नुसते बसले होते. इतका मोकळा बसलेला काका मी जन्मात पाहिला नव्हता. मला त्या दिवशी सरांचा जो संताप आला, तो अजून विझलेला नाही, आणि विझावा अशी माझी इच्छाही नाही.

संस्थेत परत जाऊन मी मूळ चित्रं उघडली. प्रत्येक माणसाचं डोकं नळीत किती हललं याची एक रेघ संगणक आपोआप काढून ठेवतो. ती आधी बघायची हा या धंद्यातला पहिला धडा. डोकं हललं की दूरच्या भागांचं नातं खोटंच तुटल्यासारखं दिसतं, हे जगाला ठाऊक आहे. विद्यार्थ्यांच्या रेघा बोडीच्या पाण्यासारख्या सपाट होत्या. विणकरांच्या रेघा बघून मी चक्रावले. बारीक बारीक दात, मधे थोडी विश्रांती, पुन्हा दात. थेट करवती काठ. एकाचा नाही, जवळजवळ सगळ्यांचा. साठीची माणसं थोडीफार हलतात हे समजू शकतं, पण सगळी एकाच तालात कशी हलतील?

उत्तर अंगणात मिळालं. काका खुर्चीवर, हातात पन्नीत घोटलेला खर्रा. आमच्याकडे खर्रा हे व्यसन नाही, तो माणसाच्या गालाचा भाग आहे. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून गालात धरायचा, दिवसभर हळूहळू चावायचा. मी त्यांच्या गालाकडे बघत राहिले.

"काका, त्या दिवशी यंत्रात गेले तेव्हा तोंडात खर्रा होता का?"

"मंग? होताच ना."

"काढला का नाही?"

"कोणं सांगतलं काढाले? लोखंड हाये का म्हणे. खर्ऱ्यात का लोखंड रायते?" काका चिडले. "अन् आतमंदी थुंकाव तं कुठी थुंकाव, एवढी महागाची मशीन! हळूहळू चावलो, गिटलो. उरला थो बाहेर भिंतीजवळ थुंकलो."

"आणि बाकीचे?"

"सगळ्याईनंच भरला होता. जीपमंदी वाटला ना मी. नवीन पन्नी फोडली होती."

काकू आतून हसायला लागली. मीही हसले, आणि हसता हसता मला रडू आलं. म्हणजे विणकरांचा मेंदू, त्यातले सैल धागे, तो नारिंगी ठिपका, ते परिषदेतलं पनीर, हे सगळं एका पन्नीतला खर्रा होता. हात-मेंदूच्या नात्याबद्दल जगापुढे जे मांडलं गेलं, ते खरं तर जबड्याबद्दल होतं. आणि ते दिसायला फार विद्वत्ता लागत नव्हती. मूळ चित्रं उघड्यावर ठेवली असती, तर दूरदेशीच्या कुठल्याही पोराने एका दुपारी विचारलं असतं, अहो, ही माणसं काय चावतायत?

सरांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, पाणी प्यायलं आणि म्हणाले, "हे बघा, प्रत्येक अभ्यासाला मर्यादा असतात." मी म्हटलं, मग रेघांसकट सगळं खुलं करू या, लोक ठरवतील. त्यावर डेटा संस्थेचा आहे, डेटा संवेदनशील आहे, डेटाचा गैरवापर होतो, अशी माळ सुरू झाली. शेवटी खालच्या आवाजात, "तुमच्या करिअरचाही विचार करा." तेवढंच एक वाक्य त्यांनी मनापासून उच्चारलं होतं.

मी ती नोकरी सोडली. दुसऱ्या शहरात एका बाईंच्या गटात लागले. त्या बाई विचित्र होत्या, म्हणजे करायचं ते आधी जाहीर लिहून ठेवायच्या. कोणाला घेणार, काय मोजणार, गाळणी किती घट्ट, सगळं. मग त्याच ऋतूत आम्ही पुन्हा विणकर बोलावले, त्यांच्याच वयाचे, कधी मागाला हात न लावलेले शेतकरी बोलावले, आणि प्रत्येकाला चूळ भरायला लावली. काका आले नाहीत. हिशोब झाला तर दोन्हीकडे सारखंच. ठिपका नाही, डाग नाही, काही नाही. नावं-चेहरे पुसून सगळी चित्रं, सगळ्या आज्ञावली आम्ही खुल्या केल्या. कोण कुठली एक मुलगी, कधी भेटलेली नाही, तिने तिच्या संगणकावर सगळं पुन्हा चालवून पाहिलं आणि कळवलं, माझ्याकडेही काही नाही निघालं. इतकं सुंदर काही-नाही मी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. पेपरवाल्यांना मी फोन केला. त्यांनी विचारलं, यात बातमी काय?

आणि काकांनी ते मानलं नाही. "तू घरची," ते म्हणाले. "तू म्हणशीनच का काका, तुमी चांगले हा. अन् या फोटोत माहं डोस्कं नाहीच ना. माह्या फोटोत होतं ते खोटं हाये, असं सरनं म्हणाव. नाहीतं माहा फोटो मले दाखवाव." खुल्या विज्ञानाचे गोडवे मी कितीही गायले, तरी त्यांचा फोटो सरांच्याच कपाटात होता. माग माळ्यावरच राहिला. यंदा प्रमोदने गिऱ्हाईक शोधलं. कुठल्याशा रिसॉर्टवाल्याला स्वागतकक्षात शोभेसाठी जुना माग ठेवायचाय. कापणी उरकली की गाडी येणार होती. काका अंगणातल्या खुर्चीत खर्रा घोटत होते, काकू तेवढी माळ्याकडे बघत भाजी निवडत होती.

म्हणून मी निमंत्रण काकांना दाखवलं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला. "काहून गं, हाच तो? चाल मंग. विचारून येऊ."

सभागृह भरलं होतं. सरांचे केस पांढरे झालेत, आवाज आणखी मऊ. डेटा समाजाचा असतो म्हणाले. बंद कपाटातलं विज्ञान म्हणजे अंधश्रद्धा म्हणाले. हे वाक्य मी त्यांना त्यांच्याच खोलीत ऐकवलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. मी दात-ओठ खाऊन ऐकत होते तोवर प्रश्नांची वेळ झाली, आणि माझ्या शेजारी काका उभे राहिले. पांढरी टोपी, स्वच्छ सदरा, माईक उलटा धरलेला. कोणीतरी सुलटा करून दिला.

"सर, मी पवनीचा. विणकर. तुमी माह्या डोस्क्याचा फोटो काढला होता. सगळं खुलं पाह्यजे म्हणून राहिले तुमी, तं थो फोटो मले देता का? मले पोट्ट्याले दाखवाचा हाये."

सर हसले. लहान मुलाकडे बघून हसतात तसं. "बाबा, तुम्ही आलात, फार आनंद झाला. पण तो फोटो असा देता येत नाही. त्यात तुमचीच गोपनीयता आहे. तुमच्या भल्यासाठीच आम्ही तो सांभाळून ठेवलाय."

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. माणसाला त्याचंच डोकं त्याच्यापासून लपवून ठेवलं म्हणून त्याच्यासमोर टाळ्या. मी उठणार होते, काकांनी हात दाबून मला बसवलं. त्यांनी माईक परत दिला आणि टोपी सरळ केली. 

 बसमध्ये अड्याळ गाव मागे गेल्यावर काका माझ्याकडे वळले.

"त्याच्यात काहीच नाही गं."

"कशात?"

"फोटोत. असतं तं त्यानं दाखवलं असतं. ज्याच्या घरी माल रायते, तो दार लावून बसते का?" मग खिडकीची काच सरकवून, "येवढे दिवस मी त्याले भेऊन राहिलो. तो मले भेऊन राहिला."

प्रमोदला त्यांनी स्वतः फोन केला. गिऱ्हाईकाला नको म्हण, एवढंच. पलीकडून बरंच ऐकू आलं, काकांनी फोन काकूच्या हातात दिला आणि माळ्याला शिडी लावली. माग जोडायला, ताणा भरायला दिवस गेले. सर्वांत आधी मात्र त्यांनी रस्त्याकडचं दार उघडलं. काल मी गेले तेव्हा खड्ड्यात पाय सोडून बसले होते. हात थरथरत होता, हे खोटं नाही. वय झालंय, सवय मोडलीय. वीतभर विणून झालं होतं. काठाचे दात एका ठिकाणी मोठे, एका ठिकाणी बारीक, एका जागी तर सरळ भरकटलेले.

उंबऱ्यात शेजारचा माणूस थांबला, वाकून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. काकू घाईने पुढे झाली. "अवं, दार लावून घ्या ना थोडे दिवस. हात बसंपर्यंत. सगळ्याईले दिसून राहिलं."

काकांनी धोटा फेकला. मान वर केली नाही.

"दिसू दे," ते म्हणाले. "लपवाले मी का सर हावो?"